कुसळं

कराराच्या अकराव्या पानावर
तो शब्द आला : डिस्क्रिशन.
दर शब्दाला दीड रुपया मिळतो मला
आणि या एकावर
सकाळपासून तिसरा चहा झाला.

'मर्जी' लिहिलं. खोडलं.
मर्जी घरमालकाची असते,
डिपॉझिट परत द्यायच्या वेळी.
'स्वेच्छाधिकार' म्हटलं की
टेबलावर शिक्का आपटल्यासारखं वाटतं.
इंग्रजांनी एकाच पिशवीत कोंबलंय सगळं :
ठरवायची मुभा
आणि गप्प राहायची जाण.

'तारतम्य' बरा आहे.
तर आणि तम. लघुतर, लघुतम.
कशात किती फरक, हे कळणं.
पण हा शब्द आपल्याला
ती गोष्ट नसली की आठवतो.
"काही तारतम्य आहे की नाही?"
हे लग्नाच्या पंगतीत पगार विचारणाऱ्या आतेभावाला,
किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसून
त्याच आजारानं गेलेल्यांची नावं मोजणाऱ्या
दुसऱ्या मजल्यावरच्या पाळंदेकाकूंना.
ज्याच्याकडे असतं त्याला कुणी म्हणत नाही,
वा, काय तारतम्य आहे हो तुमच्यात.
कळतच नाही ना, होतं म्हणून.

सहकारनगरात, तळजईच्या चढाखाली
सोनटक्क्यांची टपरी होती. धुलाई आणि इस्त्री.
त्या वर्षी ऑक्टोबरात माझी नोकरी गेली
आणि मी घरी बोललो नाही.
सव्वानऊला डबा घेऊन निघायचो,
टेकडीवरच्या एका मोडक्या बाकावर
साडेपाचपर्यंत बसायचो.
डबा खायचो. उरलेलं मोरांना.
गवत वाळून पिवळं झालं होतं.

कपडे मी पिशवीत भरायचो,
वृंदा जाता जाता टाकायची, येताना आणायची.
सगळं स्वच्छ, घडी करकरीत.

एका शनिवारी मीच गेलो आणायला.
सोनटक्के इस्त्री बाजूला ठेवून,
चष्मा कपाळावर,
माझी पँट मांडीवर उलटी घेऊन बसलेले.
मोहरीतून एकेक कुसळ चिमटीनं काढत होते.
फळीवर मूठभर रास झाली होती.
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ
लगेच दिसतं म्हणतात माणसाला.
त्यांना दिसलं होतं.
मला पाहून ते थांबले नाहीत,
घाईनं लपवायलाही गेले नाहीत.
"ताई सातला येतात," म्हणाले,
"त्याआधी होतंय."

बस.
ऑफिसात बसणाऱ्याच्या पायाला
रोज गवत कुठून लागतं,
हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.
मलाही नाही.
वहीत महिन्याचा आकडा नेहमीचाच.
कुसळांचे वेगळे लावले नव्हते.

जानेवारीत मी वृंदाला सांगितलं.
ती बराच वेळ मेथी निवडत राहिली.
मग म्हणाली,
"नोव्हेंबरपासून दोन पोळ्या जास्त देतेय.
खात होतास ना, की..."
मी मोरांचं सांगितलं.
हसली, आणि मग हसणं थांबेना,
आणि मग ते हसणं राहिलं नाही.

टपरी आता नाही. रस्ता रुंद झाला.
सोनटक्के लेकीकडे गेले, सासवडला, असं कुणीसं म्हणालं.
मी आभार मानले नव्हते.
मानायचे होते की नव्हते
हेही मला नीट ठरवता आलं नाही.

तर, कलम अकरा, पोटकलम दोन :
'लवाद आपल्या स्वविवेकानुसार निर्णय देईल.'
हेच लिहितो. पक्षकारांना हेच लागतं,
कोर्टात टिकतं.
तो दुसरा शब्द
माझ्याकडेच राहू दे.
त्याचा दीड रुपया कुणाकडे मागणार?

पान बारा.